हाडावरची खूण कुणाची?

नरमांसभक्षण (माणसाने माणसाचे मांस खाणे) म्हटले की भुकेने पिसाळलेला आदिमानव डोळ्यांपुढे येतो. पुरावा मात्र हाडांवर शोधावा लागतो. ताटातली मटणाची नळी आठवा: सुरीची खूण खाटकाची, दातांची खाणाऱ्याची. नुसत्या सुरीच्या खुणा पुरत नाहीत. काही समाज अंत्यविधीत प्रेताचे मांस सोलून काढत, खात नसत.

इंग्लंडमधल्या गॉफ गुहेत सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीच्या मानवी हाडांवर माणसाच्या दातांच्याही खुणा आहेत. म्हणजे खाल्ले होते. पण तिथे घोड्यांची, हरणांची हाडेही सापडली, म्हणजे खायला दुसरे मांस होते. शिवाय कवट्यांच्या कडा हलक्या हाताने ठोकून वाट्या घडवलेल्या, हाताच्या एका हाडावर करवतीच्या दात्यांसारख्या रेघा कोरलेल्या. नुसत्या भुकेपोटी कुणी एवढी उस्तवार करत नाही. संशोधक हे खाणे अंत्यविधीचाच भाग मानतात.