परसबागेतील डाळिंब आणि तेल्या रोग : रोगमुक्त रोप व रोगप्रतिकारक वाण यांतील भेद

प्रस्तावना :

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या संगमावरील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशभर परिचित आहे. तालुक्याच्या शेतीला मात्र गेल्या काही दशकांत आधार दिला तो प्रामुख्याने डाळिंबाने. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या तालुक्यांच्या आद्याक्षरांवरून 'कसमादे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात, हलक्या मुरमाड जमिनीत व थोड्या पाण्यावर तग धरणारे हे झुडूप शेतापुरते राहिले नाही. ते घरांच्या अंगणात व संस्थांच्या आवारातही रुजले. पुढे तेल्या व मर या दोन रोगांनी पट्टा ग्रासला आणि अनेक शेतकऱ्यांनी पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या बागा स्वतःच्या हाताने उपटून टाकल्या. अशा परिसरात अंगणात दोन-चार झाडे लावू इच्छिणारा गृहस्थ रोपवाटिकेत पहिला प्रश्न विचारतो तो रोगाला दाद न देणाऱ्या वाणाचा. प्रस्तुत लेखात तेल्याच्या अनुषंगाने या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

रोगाचे स्वरूप :

तेल्या हा झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी या जिवाणूमुळे होणारा करपा होय. भारतात त्याची पहिली नोंद सन १९५२ मध्ये दिल्ली येथे झाली. त्यानंतर अनेक वर्षे तो दुय्यम रोग मानला गेला. महाराष्ट्रात त्याने उग्र रूप धारण केले ते चालू शतकाच्या पहिल्या दशकात. सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सन २००५ मध्ये स्थापन झाले, तो काळही हाच.

पानावर प्रथम पाणी शोषल्यासारखे तेलकट ठिपके दिसतात. पान उजेडासमोर धरल्यास ते अर्धपारदर्शक भासतात. इतर करप्यांपासून तेल्या ओळखण्याची ही सोपी खूण आहे. पुढे ठिपक्याचा मध्य तपकिरी-काळा होतो. फांदीवर पेऱ्यापाशी चट्टा पडून ती तेथेच मोडते आणि फळ इंग्रजी 'वाय' किंवा 'एल' अक्षराच्या आकारात तडकते. जिवाणू स्वतः फार दूर जात नाही. त्याला पावसाच्या थेंबांचे शिंतोडे, ओली पाने हाताळणारे हात, छाटणीची कात्री आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाधित झाडावर बांधलेली गुटी वाहून नेते.

वाणांचा वंशवृक्ष :

डॉ. जी. एस. चीमा यांनी सन १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथे 'आळंदी' वाणाच्या रोपांतून निवड केली. तीच पुढे सन १९७० मध्ये 'गणेश' या नावाने रूढ झाली. 'गणेश' व 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'भगवा' निवडून सन २००३-०४ मध्ये प्रसारित केला. केशरी-लाल साल, मऊ बी आणि टिकाऊपणा या गुणांवर त्याने बाजार जिंकला. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी त्याची नावे अनेक. झाड मात्र एकच. डाळिंबाची अभिवृद्धी गुटी कलमाने होत असल्याने प्रत्येक रोप हे मातृवृक्षाची तंतोतंत प्रत असते. सबंध पट्ट्यात एकाच जनुकीय घडणीची झाडे उभी राहिली, तेव्हा एका झाडाची दुर्बलता ही सर्वांचीच दुर्बलता ठरली. नावांची विविधता म्हणजे वाणांची विविधता, हा समज येथे घातक आहे.

प्रतिकारक्षमतेचा प्रश्न :

बाजारभाषेत 'रोगमुक्त' व 'रोगप्रतिकारक' या शब्दांची सर्रास सरमिसळ होते. ऊतिसंवर्धनाने तयार केलेले रोप योग्य काळजी घेतल्यास रोगमुक्त असते. म्हणजे ते जिवाणू सोबत आणत नाही. परंतु ते 'भगवा'चेच असते, आणि शेजारच्या बाधित झाडावरून शिंतोडे आले की इतर कोणत्याही 'भगवा'प्रमाणेच आजारी पडते. प्रतिकारक्षमता ही वाणाच्या जनुकांत असावी लागते. आजमितीस व्यापारी गुणवत्ता राखून तेल्याला खात्रीने तोंड देईल असे डाळिंबाचे वाण शेतकऱ्याच्या हाती नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

असे वाण सिद्ध होण्यास किती काळ लागतो, याची कल्पना सफरचंदाच्या उदाहरणावरून येते. अमेरिकेत इलिनॉय येथे सन १९१४ मध्ये मॅलस फ्लोरिबंडा ८२१ या रानटी, इवल्या फळांच्या झाडाचा 'रोम ब्युटी'शी संकर करण्यात आला. त्या वंशातील खवड्या रोगाची प्रतिकारक्षमता खाण्यायोग्य फळात उतरून 'प्रायमा' हे वाण प्रसारित होण्यास सन १९७० उजाडले. 'लिबर्टी' त्यानंतर सन १९७८ मध्ये आले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ! त्यातही ही क्षमता मुख्यतः एकाच जनुकावर अवलंबून होती, आणि तिला भेदणारे बुरशीचे प्रकार युरोपात १९९० च्या दशकात नोंदले गेले. एका कुलपावर सारे घर सोपविण्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

डाळिंबातही रानटी आप्तांकडे पाहिले जात आहे. हिमालयाच्या उतारांवर वाढणारा आंबट 'दारू' आणि शोभेचा बुटका 'नाना' यांचा संकर कार्यक्रमांत उपयोग होतो. सोलापूर केंद्राने सन २०१७ मध्ये प्रसारित केलेल्या 'सोलापूर लाल' या वाणाच्या वंशात 'भगवा' व 'गणेश' यांच्यासह हे दोन्ही आहेत. परंतु त्याची ओळख लोह, जस्त व जीवनसत्त्व 'क' यांसाठी आहे, तेल्याप्रतिकारक म्हणून नव्हे. रानटी झाडाकडून प्रतिकारशक्ती घेताना आंबटपणा व कठीण बी हेही पदरात पडते. ते दूर करण्यातच पिढ्या खर्ची पडतात.

बहाराची निवड :

वाणात नसलेले संरक्षण काही अंशी काळाच्या निवडीतून मिळू शकते. डाळिंबाला मृग, हस्त व आंबे असे तीन बहार धरता येतात. पाण्याच्या टंचाईमुळे या भागात पावसावर येणारा मृग बहार सोयीचा. पण त्यात कोवळी पालवी, फुले व वाढती फळे ऐन पावसाळ्यात, म्हणजे जिवाणूला अनुकूल अशा उष्ण व दमट हवेत सापडतात. पाणी आहे तेव्हाच रोग आहे, ही येथील शेतकऱ्याची खरी कोंडी होय. सप्टेंबर-ऑक्टोबरातील हस्त बहाराची फळे कोरड्या हवेत वाढतात, म्हणून तो सुरक्षित; मात्र त्याला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पाणी पुरवावे लागते, आणि पावसानंतर जमीन ओली राहिल्यास झाडाला आवश्यक ताणही बसत नाही.

अंगणातील दोन-चार झाडांना ही कोंडी सहसा नसते. त्यांना घरचे पाणी मिळते, एखादा बहार गेला तरी कर्ज थकत नाही, आणि फळाला निर्यातीचा रंग नसला तरी चालते. म्हणून परसबागेत जून-जुलैमध्ये आलेली फुले खुडून टाकावीत व हस्त बहार धरावा. एकट्या 'भगवा'ऐवजी सोबत 'गणेश'सारखे जुने वाण लावण्यासही हरकत नाही. त्याने रोग टळत नाही, पण एकसुरीपणा मोडतो. रोप रोगमुक्त मातृवृक्षाचेच आहे, याची खात्री करून घ्यावी. पाणी नळीने झाडावर न मारता बुंध्यापासून दूर, जमिनीलगत द्यावे. बाधित फांदी चट्ट्याच्या सुमारे दोन इंच खाली कापावी, प्रत्येक कापानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. छाटलेल्या फांद्या, गळालेली पाने व तडकलेली फळे खतखड्ड्यात न टाकता जाळावीत. फवारणीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण पुरेसे आहे. माणसाच्या औषधातील प्रतिजैविके अंगणातल्या झाडावर मारणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

येथे एका जबाबदारीचा उल्लेख आवश्यक आहे. शोभेसाठी राखलेले दुर्लक्षित, रोगट झाड घरमालकाला उपद्रवकारक वाटत नाही. परंतु लगतच्या मळ्यात ज्याचे वर्षाचे उत्पन्न फांदीवर लटकलेले आहे, त्याच्यासाठी ते रोगाचे कोठार असते. खोडावर चट्टे पसरलेले झाड वाचविण्याच्या खटपटीपेक्षा मुळासकट काढणे श्रेयस्कर.

याउलट पाने पिवळी पडून एकेक फांदी वाळत असेल आणि पानांवर तेलकट ठिपके नसतील, तर तो तेल्या नव्हे. अशा वेळी खोडाचा आडवा काप घेऊन पाहावा. आत तपकिरी-काळसर डाग आढळल्यास सेरॅटोसिस्टिस बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाचा संशय घ्यावा. ही बुरशी मातीतून व मुळांच्या संपर्कातून शेजारच्या झाडाकडे जात असल्याने, झाड काढल्यावर त्याच खड्ड्यात लगेच डाळिंबाचे नवे रोप लावू नये.