गाणं तिचं, पाटीही तिचीच



गेल्या गुरुवारी आमच्या एका गटाची बैठक चांगलीच तापली. हा गट शेंगदाण्याची चटणी करतो. तालुक्याच्या एका व्यापाऱ्यानं निरोप धाडला होता की सगळा माल मी उचलतो, पैसे आगाऊ देतो. फक्त पाकिटावर नाव माझं राहील, आणि तीच चटणी तुम्ही दुसऱ्या कुणाला विकायची नाही. निम्म्या बाया म्हणाल्या, घेऊन टाका. निम्म्या म्हणाल्या, नको. शेवटी कोपऱ्यातल्या मावशींनी मला विचारलं, “ताई, असं आपलं नाव राखून कुणा बाईचं चाललंय का कुठं? ते तरी सांगा.”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी परतताना मात्र एक नाव आठवलं. ते चटणीवालीचं नाही, गाणारणीचं आहे. बी.ए.ला असताना एका मैत्रिणीनं तिची गाणी ऐकवली होती. इंग्रजी निम्मंच कळलं, पण गिटारीचा ठोका डोक्यात बसला तो बसलाच. आज तिचीच गोष्ट सांगते.

तिचं नाव ॲनी डिफ्रँको. जन्म १९७० सालचा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो या कारखान्यांच्या शहरात. नऊ वर्षांची असल्यापासून ती गिटार शिकवणाऱ्या गुरुजींबरोबर लोकांसमोर गाऊ लागली. पंधराव्या वर्षापासून घरच्यांपासून वेगळी राहून स्वतःचं स्वतः निभावू लागली. गाणं लिहिणारी तीच, चाल लावणारी तीच आणि गाणारीही तीच. बाईच्या मनातलं, शरीराचं, प्रेमाचं, राजकारणाचं, जे दिसेल ते ती गाण्यात मांडायची.

एकोणीस-वीस वर्षांची असताना तिनं आपल्या गाण्यांची कॅसेट केली. किती प्रती काढल्या? फक्त ५००. कार्यक्रम संपला की तिथंच त्या विकायच्या, जसं आपण जत्रेत टेबल मांडतो तसं. त्या संपल्या. मग १९९० मध्ये तिनं स्वतःची कंपनी काढली. पुढं तिचं नाव पडलं ‘राइटियस बेब रेकॉर्ड्स’. अर्थ साधारण असा, सरळ वाटेनं चालणारी पोरगी. गाडीत गिटार आणि कॅसेट टाकायच्या, गावोगावची कॉलेजं आणि छोटे हॉल गाठायचे, गायचं, विकायचं आणि पुढं निघायचं. ऐकणाऱ्या पोरी कॅसेटची नक्कल करून मैत्रिणीला द्यायच्या, आणि पुढच्या वेळी ती मैत्रीणही कार्यक्रमाला यायची.

आता तुम्ही म्हणाल, मोठी कंपनी असताना एवढा खटाटोप कशाला? तर त्या धंद्याची रीत समजून घ्या. मोठी कंपनी गायकाला आधी पैसे देते. ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो ना, तशीच ही उचल. गाणी ध्वनिमुद्रित करायचा खर्चही बहुतेक वेळा त्यातच धरला जातो. मग अल्बम विकला की गायकाच्या वाट्यातून आधी ती उचल फिटते, आणि फिटल्यावर उरेल ते गायकाचं. उचल फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रण सहसा कंपनीच्याच मालकीचं राहतं. म्हणजे गळा तुमचा, पण गाणं ठेवलंय दुसऱ्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात.

ॲनीला मोठ्या कंपन्यांची बोलावणी आली. ती गेली नाही. किल्ली तिनं आपल्या कमरेलाच ठेवली.

पण एकटीनं करणं म्हणजे एकटीच असणं नव्हे. आधी ती एकटी गिटार घेऊन उभी राहायची. मग ड्रम वाजवणारे अँडी स्टोचान्स्की तिच्याबरोबर आले. नंतर बेस गिटार वाजवणाऱ्या सारा ली आल्या. तीनच माणसांचा हा वाद्यवृंद, पण हॉल दणाणून जायचा. ॲनीची वाजवायची पद्धतच वेगळी. बोटांना खोटी नखं लावायची, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि तारा अशा तोडायच्या की गिटारीतून ताल आणि सूर दोन्ही निघावेत.

तिचे ऐकणारे म्हणायचे की खरी ॲनी स्टेजवरच भेटते. मग १९९७ मध्ये तिनं चालू कार्यक्रमांतलं ध्वनिमुद्रण घेऊन दोन सीडींचा अल्बम काढला, ‘लिव्हिंग इन क्लिप’. हे ‘क्लिप’ काय, ते आपल्या रेडिओवर बोललेल्या बायांना पटकन कळेल. माइकजवळ कुणी फार जोरात हसली की मशिनवरची पट्टी लाल होते आणि आवाज फाटतो. यंत्राला पेलत नाही, म्हणून आवाजाचं टोक कापलं जातं. त्याला ध्वनितंत्राच्या भाषेत क्लिप म्हणतात. म्हणजे अल्बमचं नावच सांगतं की आम्ही लाल पट्टीतच राहतो! या अल्बममध्ये लोकांचं हसणं आहे, ॲनीच्या गप्पा आहेत, आणि तिच्या गावच्या बफेलो फिलहार्मोनिक या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर गायलेलं गाणंही आहे. घासूनपुसून गुळगुळीत केलेला हा माल नव्हता, तरी त्याला अमेरिकेतलं ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळालं. पाचशे कॅसेटपासून इथवर यायला सातेक वर्षं लागली, हेही ध्यानात ठेवा. मधली वर्षं रस्त्यावर गेली.

आणि त्याची किंमत शरीरानं मोजली. सततच्या वाजवण्यानं हातांच्या शिरा दुखावल्या आणि २००५ मध्ये तिला कार्यक्रम थांबवून बरेच महिने विश्रांती घ्यावी लागली. पापड लाटून ज्यांची मनगटं धरतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. धंदा आपला असला तरी हात दुखायचे थांबत नाहीत. फक्त थांबायचं कधी, ते आपण ठरवू शकतो.

त्या वर्षांत तिच्या कमाईची बरीच चर्चा झाली. वर्तमानपत्रांत छापून यायचं की तिला एका अल्बममागे सव्वाचार डॉलर सुटतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या नावाजलेल्या गायकांना त्याहून बरेच कमी. ‘मिस’ या अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकानं १९९७ मध्ये तिचा गौरव केला, तेव्हाही हाच मुद्दा पुढं केला. आपल्याला वाटेल, बाई खूश झाली असेल. नाही! तिनं मासिकाला जाहीर पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की तुम्ही बायकांचं मासिक, आणि तुम्हीही मला नगामागच्या नफ्यानं मोजता? मी कंपन्यांना नाही म्हटलं ते जास्त पैशांसाठी नव्हे, मला माझ्या मनासारखी गाणी करायची होती. त्याबद्दल बोला.

खरं सांगते, हे वाचून मी जरा ओशाळले. कारण मीही महिन्याच्या अहवालात हेच लिहिते. गट अमुक, नफा तमुक. कुणी पहिल्यांदा बँकेत स्वतः बोलली, कुणी नवऱ्याला न विचारता भाव ठरवला, याला माझ्या तक्त्यात रकानाच नाही.

मग मनासारखं म्हणजे काय केलं तिनं? कंपनी न्यूयॉर्कच्या झगमगाटात न नेता बफेलोतच ठेवली. छपाईची कामं गावातल्याच लोकांना दिली. १८७०च्या दशकातलं एक जुनं दगडी चर्च पाडायचं घाटत होतं, ते घेऊन दुरुस्त केलं. आज तिथं गाण्याचा हॉल आहे. शिवाय आपल्या पाटीखाली दुसऱ्यांची गाणीही काढली. अनाइस मिचेल या गायिकेचा ‘हेड्सटाउन’ हा अल्बम तिच्याच कंपनीनं २०१० मध्ये काढला. त्याचं संगीत नाटक झालं आणि २०१९ मध्ये त्याला नाटकांसाठीचे आठ टोनी पुरस्कार मिळाले. एकीनं दार उघडं ठेवलं म्हणून दुसरी आत आली.

पण पाटी आपली असली की चूकही आपल्याच नावावर पडते. २०१३ मध्ये तिनं गाणी लिहिण्याचं शिबिर ठरवलं, ते जिथं एकेकाळी काळ्या माणसांना गुलाम म्हणून राबवलं होतं अशा जुन्या मळ्यावर. लोक चिडले. तिनं शिबिर रद्द केलं, पण पहिलं निवेदन सारवासारवीचं वाटलं म्हणून लोक आणखी चिडले. मग तिनं सरळ माफी मागितली. तिथं पुढं करायला कुठला साहेब नव्हता.

मावशी, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. हो, चालतं. पण सावकाश चालतं, हात दुखतात आणि चुकलं तर आपणच उत्तर द्यायचं.

व्यापाऱ्याला नाहीच म्हणा, असं मी सांगणार नाही. कुणाच्या पोराची फी भरायची आहे, कुणाचं अंतर्गत कर्ज थकलंय, ते मला माहीत आहे. पण येत्या गुरुवारी अंगठा किंवा सही करण्याआधी त्याला चार गोष्टी विचारू. आगाऊ पैसे कशातून आणि किती दिवसांत फिटणार? चटणीची कृती कुणाची राहणार? निदान थोडा माल आपल्या नावानं विकता येईल का? आणि नाही जमलं तर सुटायची वाट कोणती? तो काय म्हणतो ते वहीत लिहून घेऊ.

आणि तोवर दीडशे-दोनशे पाकिटं आपल्या नावानं करून येत्या बाजारी टेबल मांडू. सुरुवात तिनंही पाचशेचीच केली होती.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!