मशेरी म्हणजे तंबाखूच! गरोदरपणात बाळाच्या वजनाला फटका

पालघर : ‘तंबाखू खाता का?’ असे गरोदर महिलेला विचारले, तर अनेकदा ‘नाही’ असे उत्तर येते. ‘मशेरी लावता का?’ असे विचारले की उत्तर बदलते. पालघर, बोईसर-तारापूरसह कोकणपट्टीत मशेरीकडे व्यसन म्हणून नव्हे, तर दात घासण्याची सवय म्हणून पाहिले जाते. धोका तिथेच आहे.

मशेरी म्हणजे नेमके काय?
तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. ती हिरड्यांवर घासली की निकोटिन तोंडातूनच रक्तात जाते. घरी भाजलेल्या मशेरीला पाकीट नसते, त्यामुळे धोक्याचे चित्रही दिसत नाही.

बाळावर काय परिणाम होतो?
निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मुंबईत १,२१७ गरोदर महिलांचा अभ्यास झाला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी ६ दिवस आधी झाली. पुढच्या विश्लेषणात मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

१०५ ग्रॅमने काय बिघडते?
अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ ‘कमी वजनाचे’ मानले जाते. २ किलो ५५० ग्रॅमचे होऊ शकणारे बाळ यामुळे २ किलो ४४५ ग्रॅमवर येते. जव्हार-मोखाड्यात कुपोषणाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात हा फरक लहान नाही.

भांग, गांजा ‘झाडपाला’ म्हणून चालतो?
नाही. त्यातील टीएचसी हा घटकही वारेतून बाळापर्यंत आणि अंगावरच्या दुधात जातो. कमी वजन आणि वेळेआधीच्या प्रसूतीशी त्याचाही संबंध आढळला आहे.

मळमळ थांबते, पोट साफ होते. मग सोडायची कशी?
या दोन्ही तक्रारींवर गरोदरपणात चालणारी औषधे आहेत. ती डॉक्टरांकडून घ्यावीत. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड, डोकेदुखी होऊ शकते, पण ती ओसरते. कोणत्याही महिन्यात सोडली तरी बाळाला फायदाच होतो.

मदत कुठे मिळेल?
नाव नोंदवतानाच आशाताईंना मशेरीबद्दल सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक : १८००-११-२३५६.