ठिगळ आतून लावायचं

कानामागे छेद घेऊन डॉक्टरांनी वहीचं पान उलटावं तसा कान पुढे दुमडला. टेबलावरच्या बाई जाग्या होत्या. भूल फक्त कानापुरती.

"मावशी, दुखतंय का?"

"नाही हो, खुडखुड वाजतंय नुसतं."

लहानपणापासून त्यांचा कान वाहायचा. सर्दी झाली की पाणी सुरू, मग घरच्यांचं कोमट तेल. आता स्क्रीनवर कानाचा पडदा ताटाएवढा दिसत होता. प्रत्यक्षात तो जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचा, आणि मधोमध मिऱ्याएवढं भोक.

ठिगळ आधीच काढून ठेवलं होतं. घास चावताना कानाच्या वर जो स्नायू हलतो, त्याच्यावरचं पांढरं आवरण. 1950च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोल्नर यांनी ही शस्त्रक्रिया रुळवली, तेव्हा कातडी लावत. ती नीट टिकेना, म्हणून पुढे हे आवरण आलं. ओलं असताना ते लिबलिबीत, कात्रीला दाद न देणारं. सिस्टरनी स्टीलच्या ठोकळ्यावर पसरून दिव्याखाली ठेवलं, तर थोड्या वेळात लसणाच्या सालीसारखं खडखडीत झालं.

मग डॉक्टरांनी भोक मोठं केलं! जुन्या भोकाची कड निबर झालेली असते, तिला काही चिकटत नाही. पोस्टाच्या तिकिटाभोवती असतात तशी बारीक छिद्रं सुईने कडेभोवती पाडली आणि हातातलं कडं उतरवावं तशी ती कड चिमट्याने सोडवली. रक्ताचा एक थेंब आला की सगळा स्क्रीन लाल. ॲड्रेनालीनचा बोळा ठेवायचा आणि थांबायचं. दीड तासातला बराचसा वेळ असा थांबण्यातच गेला.

आत कानातली चिमुकली हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. बरीच वर्षं वाहणाऱ्या कानात ऐरणीचा पाय झिजून गेलेला सापडतो. इथे हातोडीला सुई लावली तर रिकीब हलली. "साखळी शाबूत," डॉक्टर पुटपुटले. शेजारून एक पांढरा दोरा गेला होता, चवीची नस. ती ताणली गेली तर काही आठवडे चहासुद्धा पत्र्यासारखा लागतो.

शेवटी ठिगळ पडद्याच्या आतल्या बाजूने, हातोडीच्या दांड्याखाली सरकवलं. टेकू म्हणून खाली ओल्या जेलफोमचे तुकडे, जे पुढे आपोआप विरघळतात. पडद्याला टाका एकही नाही.

"नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची."

"आणि कुकरची शिट्टी ऐकू येईल ना?"

"आधी ठिगळ धरू दे, मावशी. सहा आठवड्यांनी बघू."