पांदणीचा अधिकारी कोण?

आजचा विषय आयोजकांनी दिला तो असा : कमी-अधिक कुवतीच्या सायकलस्वारांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांनी कसं जावं? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण पहाटे महालातून सायकल काढायची, गांधीसागरच्या काठाने गावाबाहेर पडायचं, ही सवय त्या नोकरीहूनही जुनी. तेव्हा दोन्हींच्या आधारे बोलू.

परदेशात याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशा रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत होते. आपल्याकडे ग्रॅव्हल म्हणजे गिट्टी आणि मुरूम. आणि वावरांमधून जाणारी, बंडीच्या चाकोऱ्यांची वाट म्हणजे पांदण. त्यासाठी महागडी सायकल हवी, असं तरुण मंडळी सांगतात. हवी असेल तर घ्या. पण आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलला २८ बाय दीड इंचाचं टायर असायचं, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद. आजच्या ग्रॅव्हल सायकलींची टायरंही साधारण तेवढीच असतात. दूधवाला आणि पोस्टमन त्याच टायरवर पांदणीतून जात होते.

आता एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिंगण्याच्या पुढे गेलो होतो. दोन दिवसांआधी पाऊस येऊन गेला होता. आमच्यातले एक गृहस्थ पासष्टीचे, गुडघ्याने बेजार. पांदणीत शिरलो आणि काळी माती चाकाला धरू लागली. ते मागे पडले. आम्ही पुढे जाऊन बाभळीखाली थांबलो, पाणी प्यालो, गप्पा मारल्या. वीस मिनिटांनी ते आले. ते आल्याबरोबर कुणीतरी म्हणालं, "चला, सगळे आले," आणि आम्ही निघालो. असं चार वेळा झालं. ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना चार वेळा विश्रांती मिळाली. ज्याला गरज होती त्याला एकदाही नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या रविवारपासून ते आलेच नाहीत, एवढंच. त्या दिवशी पुढे असणाऱ्यांत आम्हीही होतो.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. चूक कुठे झाली? रस्ता अवघड होता, असं म्हणून सुटता येत नाही. तीच पांदण जानेवारीत त्यांनी सहज पार केली असती. म्हणजे अवघडपणा नुसत्या रस्त्यात नसतो. रस्ता, ऋतू, माणूस आणि त्याचे सोबती या चौघांच्या नात्यात तो असतो.

वेदान्ताच्या ग्रंथांत सुरुवातीलाच चार गोष्टी सांगण्याची पद्धत आहे. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. इथे अधिकारी म्हणजे तहसीलमधला साहेब नव्हे बरं. हा ग्रंथ कुणासाठी आहे, कुणाची तयारी झाली आहे, तो अधिकारी. आम्हाला वाटतं, सायकलचा मार्ग आखतानाही हेच चार प्रश्न विचारावेत. शास्त्रातला अर्थ थोडा सैल करून घेतो, जाणकारांनी क्षमा करावी.

पहिला विषय, म्हणजे जमीन. नागपूर दख्खनच्या काळ्या खडकाच्या कडेवर वसलं आहे. पश्चिमेला कळमेश्वर, काटोल, हिंगणा या बाजूला बेसाल्ट आणि त्याची काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते, टायर आणि मडगार्डच्या मधे घट्ट बसते, चाक फिरत नाही. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. ईशान्येला रामटेक, मनसरकडे खडक वेगळा आहे, मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. तिकडे धानाचे बांध लागतात. म्हणून नियम साधा : काळ्या मातीतली पांदण दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर धरावी. पावसाळ्यात गिट्टी-मुरमाचाच रस्ता घ्यावा. मार्चनंतर ऊन चढायच्या आत घरी यावं. बाभळीचा काटा बारमाही असतो, पंक्चरचं सामान प्रत्येकाजवळ हवं.

दुसरा अधिकारी. नवख्या माणसासाठी हिंगण्याच्या पुढे मोहगाव झिलपीचा तलाव बरा. महालातून एका बाजूने पंचवीस-तीस किलोमीटर. त्यातही डांबरी रस्ता सतत जवळ राहील अशीच पांदण निवडावी. मधल्या तयारीच्या माणसाने कळमेश्वरवरून धापेवाडा आणि अदासा करावं. चंद्रभागेकाठचं विठ्ठलाचं देऊळ आणि टेकडीवरचा गणपती, एका बाजूने चाळीस-पंचेचाळीस. मुरलेल्याने रामटेक आणि खिंडसी, जाऊन-येऊन शंभरावर. पण पायरी किलोमीटरवरून ठरवू नका. दोन तास बसून राहता येतं का, उतारावर गिट्टीत ब्रेक हळू दाबता येतो का, थकलो हे मोकळेपणी सांगता येतं का, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा सर्वांत अवघड, आणि तो बलवान माणसाला जास्त अवघड जातो.

तिसरा संबंध, म्हणजे सोबत्यांचं एकमेकांशी नातं. इथे आम्ही तीन गोष्टी शिकलो. थांब्याचा वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायचा. मागे नेहमी एक अनुभवी स्वार ठेवायचा, आणि तो दर खेपेला बदलायचा. आणि मार्ग आखतानाच दर आठ-दहा किलोमीटरवर परतीची वाट ठरवून ठेवायची, जिथून डांबरी रस्ता किंवा एखादं मोठं गाव गाठता येईल. परतायची सोय असली की माणूस पुढे जायला भीत नाही. ज्यांना जोरात जायचं आहे त्यांनी बाजूच्या पांदणीचा जास्तीचा फेरा मारून चहाच्या टपरीवर पुन्हा भेटावं. सगळे एका वेळी एका टपरीवर, पण प्रत्येक जण आपल्या वाटेने.

चौथं प्रयोजन. रामटेक गाठणं हे प्रयोजन असेल तर एकटं जावं. बरोबर जाणं हे प्रयोजन असेल तर रामटेक हुकलं तरी चालतं. दोन्ही चांगली आहेत. निघण्याआधी कोणतं ते बोललं जात नाही, तिथे घोटाळा होतो. आमचा त्या ऑक्टोबरात झाला तो हाच.

शेवटी एक महत्त्वाचं. पांदणीचा पहिला अधिकारी सायकलस्वार नाही, शेतकरी आहे. धुऱ्याच्या भांडणात कितीतरी पांदणी नांगराखाली जातात, मग मागच्या वावरातला कापूस बाहेर कसा काढायचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातल्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतात. कलम १६५ मधल्या वाजिब-उल-अर्जमध्ये वहिवाटीच्या हक्कांची नोंद असते. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेपोटी. आपण रविवारी हौसेने जातो ती वाट कुणाची तरी रोजची असते. म्हणून बंडी आली की उतरून बाजूला व्हावं, ढोरांना आधी जाऊ द्यावं, ओल्या पांदणीत चाकोऱ्या पाडू नयेत, संत्र्याला हात लावू नये. आणि वाट अडलेली दिसली तर वावरातून सायकल घालू नये, परत फिरावं.

त्या गृहस्थांकडे आम्ही नंतर गेलो. माफी मागितली, आणि विचारलं, यंदा जानेवारीत झिलपीला याल का, वेग तुम्ही ठरवा. ते म्हणाले, "आधी चहा घ्या." आले ते. सर्वांत पुढे तेच होते, कारण वेग त्यांचा होता. त्या दिवशी एकही माणूस मागे पडला नाही.

आता प्रश्न विचारावेत.