कोंबडीची जात नंतर, आधी गिऱ्हाईक ठरवा!

"सर, परसात कोणती कोंबडी पाळू?" याचं उत्तर तुमच्या गिऱ्हाईकाकडे आहे.

अंडी विकायची? मग ग्रामप्रिया. परसात वर्षाला साधारण 160 ते 180 अंडी देते. अंडी आणि मांस दोन्ही हवं? मग वनराजा. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केल्यात. कडकनाथला भाव चांगला, पण अंडी कमी आणि वाढ सावकाश. गिऱ्हाईक पक्कं नसेल, तर खाद्याचा खर्च अंगावर येतो.

आता महत्त्वाचं. वनराजा, ग्रामप्रिया या संकरित जाती. त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि अंडी दुसऱ्या कोंबडीखाली उबवली तरी पिल्लांत तेच गुण उतरत नाहीत. म्हणजे प्रत्येक बॅचला पिल्लं विकत. हा खर्च आधीच हिशेबात धरा.

हॅचरीवाल्याला तीन प्रश्न विचारा: पहिल्या दिवशीची मरेक्स लस दिली का? पिल्लं कुठल्या पैदास कळपातली? वाटेत मेली तर भरपाई कोण देणार? उत्तर बिलावर लिहून घ्या. टाळाटाळ झाली, तर दुसरी हॅचरी बघा.

पहिली बॅच 50 पिल्लांचीच. ती नीट विकली गेली, की मगच वाढवा!