नेटवर्किंगचे प्रमाणपत्र : क्लास लावावा की घरी अभ्यास करावा?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कारखानदार व दुकानदारांच्या घरांतून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. मुलगा बारावी झाला आहे किंवा डिप्लोमा करीत आहे. त्याला कॉम्प्युटर नेटवर्किंगचा कोर्स करायचा आहे. क्लासवाले मोठी फी सांगतात आणि वर नोकरीची हमी देतात. फी भरावी की नाही? माल पाहिल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. इथेही आधी माल पाहू.

हे काम आहे तरी काय?

कॉम्प्युटरवरून माहिती जाते ती लहान लहान गाठी बांधून जाते. प्रत्येक गाठीवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, जसा आपल्या बिल्टीवर असतो. एकाच कचेरीतील कॉम्प्युटर जोडणारे यंत्र म्हणजे स्विच. ते मार्केटमधल्या जुन्या हमालासारखे असते. कोणता गाळा कुठे आहे हे त्याला पाठ असते. बाहेरगावचा माल मात्र ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातो आणि कोणत्या मार्गाने पाठवायचा ते तिथे ठरते. ते काम राउटरचे. ही यंत्रे बसवणे, चालू ठेवणे आणि बिघाड कुठे आहे तो शोधणे, हा नेटवर्किंगचा हुनर. बँक, इस्पितळ, कारखाना, शाळा, सर्वांना तो लागतो.

परीक्षेचे स्वरूप

या क्षेत्रात सर्वांत परिचित परीक्षा सिस्को कंपनीची सीसीएनए. ती 1998 पासून चालू आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तिचा अभ्यासक्रम बदलला आणि 2024 मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. म्हणून 2020 पूर्वीची जुनी पुस्तके स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत.

परीक्षा 120 मिनिटांची असते. कोणत्याही पदवीची अट नाही. अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत : नेटवर्कची मूळ तत्त्वे 20 टक्के, स्विच व वायरलेस जोडणी 20, राउटिंग 25, आयपी सेवा 10, सुरक्षा 15 आणि स्वयंचलन 10 टक्के. एका प्रश्नावरून पुढे गेल्यावर मागे फिरता येत नाही. फी 300 डॉलर आहे. कर धरून ती पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जाते. नापास झाल्यास पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे, त्यानंतर नूतनीकरण.

घरी अभ्यास

घरी अभ्यास करून ही परीक्षा देता येते. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. त्यात स्विच व राउटर पडद्यावर जोडून सराव करता येतो. यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. वेंडेल ओडम यांचे दोन खंडांचे पुस्तक यासाठी प्रसिद्ध आहे. यूट्यूबवर संपूर्ण अभ्यासक्रमाचे पाठ फुकट आहेत. रोज दोन तास बसणाऱ्याने सहा महिने धरून चालावे. फज्रनंतरची शांत वेळ यासाठी उत्तम.

सर्वाधिक मुले अडखळतात ती पत्त्यांच्या विभागणीत, म्हणजे सबनेटिंगमध्ये. हा हिशेब कापडवाल्याच्या मुलाला जड जाऊ नये. 256 पत्त्यांचा एक ताका समजा. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येकात 64 पत्ते येतात. पण प्रत्येक तुकड्याचा पहिला व शेवटचा पत्ता यंत्रांना देता येत नाही, म्हणून कामाचे 62 उरतात. अखंड ताक्यात 254 मिळत होते. चार तुकड्यांत मिळून 248 मिळतात. तुकडे जितके जास्त, तितके कातरीत जास्त जाते. असे वीस-पंचवीस हिशेब रोज कागदावर सोडवले की हात बसतो.

परीक्षा इंग्रजीत असते. उर्दू, हिंदी किंवा मराठीत नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलांनी याची धास्ती घेऊ नये. यात साहित्याची इंग्रजी लागत नाही, काही शे शब्द पुनःपुन्हा येतात. एक वही करावी, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला आपल्या जबानीत त्याचा अर्थ लिहावा.

क्लास कोणी लावावा?

ज्याला एकट्याने बसण्याची सवय नाही, ज्याच्या घरी कॉम्प्युटर किंवा जागा नाही, त्याला क्लासचा उपयोग होतो. पण फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र मुदतीत आहे का? प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष सरावासाठी किती तास मिळतील? परीक्षेची फी क्लासच्या फीमध्ये धरली आहे की वेगळी? मधेच सोडल्यास किती पैसे परत? उत्तरे लेखी घ्यावीत. शिवाय क्लासचे प्रमाणपत्र वेगळे आणि सिस्कोचे वेगळे, हे ध्यानात असू द्यावे. नोकरीची हमी तर सिस्को स्वतःही देत नाही. अशा हमीवर भरोसा ठेवून व्याजी कर्ज काढणे दीन आणि दुनिया दोन्हींच्या दृष्टीने तोट्याचे आहे.

दोन इशारे

बाजारात खऱ्या परीक्षेतून चोरलेले प्रश्न विकले जातात, त्याला डंप म्हणतात. ते पाठ करून परीक्षा देणे नियमाविरुद्ध आहे. पकडले गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. आणि न पकडले तरी हा खोट्या मापाचा व्यवहार आहे. असे प्रमाणपत्र मालकासमोर बंद पडलेला राउटर चालू करून देत नाही.

दुसरे, नावाची जोडणी. नोंदणीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव एकच असावे लागते. आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मो.’, पासपोर्टवर ‘मोहम्मद’ आणि तिसरीकडे ‘मोहंमद’ असते. परीक्षाकेंद्रावरून परत पाठवले तर भरलेली फी वाया जाण्याची भीती असते. हे काम अभ्यास सुरू करतानाच उरकावे.

केबल ओढणारी, सीसीटीव्ही बसवणारी अनेक मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांच्या हातात अर्धा हुनर आधीच आहे. प्रमाणपत्राचा पहिला विचार अशा मुलांनी करावा. ज्याने अजून काहीच पाहिलेले नाही त्याने एक महिना पॅकेट ट्रेसरवर घालवावा. मन रमले तर पुढे जावे, नाही रमले तर एक महिना गेला, पण बापाचे भांडवल वाचले.